दिल, डबा आणि रिचर्ड कॅडबरी

फेब्रुवारी लागला की कॉलेजच्या कट्ट्यावरची हवाच बदलते. रोझ डे, प्रपोज डे आणि मग ९ तारखेचा चॉकलेट डे. दुकानातला तयार डबा आणून देणं आता जरा जुनं झालं. घरी ट्रफल्स वळायचे, कोको पावडरमध्ये घोळवायचे, छोट्याशा डब्यात रचायचे आणि वर आपल्या अक्षरात नाव लिहायचं, हे जास्त भारी वाटतं. तुमच्याही डोक्यात यंदा असं काही शिजत असेल, तर बिनधास्त करा. रेसिपी खाली चौकटीत आहेच. पण आधी त्या डब्याची गोष्ट वाचा.

कारण आवडत्या माणसाला सुंदर डब्यात चॉकलेटं द्यायची, ही पद्धत ज्यानं रुजवली, त्याला तुम्ही ओळखता. निदान त्याचं आडनाव तरी नक्कीच. लहानपणी वाण्याच्या दुकानासमोर पाय आपटत तुम्ही कुठलंही चॉकलेट याच नावानं मागितलं असणार. कॅडबरी! आज त्या घरातल्या रिचर्डला भेटू या.

साधं घर, कडक शिस्त

रिचर्डचा जन्म २९ ऑगस्ट १८३५ चा, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा. त्याच्या वडिलांनी, जॉन कॅडबरी यांनी, १८२४ मध्ये तिथल्या बुल स्ट्रीटवर चहा-कॉफीचं दुकान टाकलं होतं. तिथे ते कोकोही विकायचे. पुढे त्यांनी कोको तयार करायचा छोटा कारखाना सुरू केला.

हे घर क्वेकर पंथाचं. क्वेकर म्हणजे ख्रिस्ती धर्मातला साधेपणा मानणारा पंथ. दारू नाही, भपका नाही, सणावारांचा थाट नाही. तेव्हाच्या ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारंही या लोकांना बंद होती, त्यामुळे हुशार पोरं धंद्यात उतरायची. दारूऐवजी लोकांनी काहीतरी चांगलं प्यावं, हा कोको विकण्यामागचा एक हेतू होता. हो, प्यावं! तेव्हा चॉकलेट ही मुख्यतः प्यायची गोष्ट होती. खायची वडी ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीनं १८४७ मध्ये बाजारात आणली, पण ती अजून नवलाईचीच होती.

आता गंमत बघा. अशा काटेकोर घरातल्या मुलाच्या हातात ब्रश आला. रिचर्डला चित्रकलेचा मनापासून नाद होता. फुलं, डोंगर, लहान मुलं असं काय काय तो रंगवायचा. पुढे हाच नाद कंपनीच्या कामी येणार होता, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

बुडता धंदा आणि नवं लग्न

१८५५ मध्ये रिचर्डची आई कँडिया क्षयानं गेली. वडील त्या धक्क्यातून सावरले नाहीत. तब्येत ढासळली आणि धंदाही. १८६१ मध्ये त्यांनी कारखाना दोन मुलांच्या हवाली केला. रिचर्ड तेव्हा पंचविशीत, धाकटा जॉर्ज जेमतेम एकवीस वर्षांचा. म्हणजे तुमच्यातल्या अनेकांच्याच वयाचा. त्याच वर्षी रिचर्डचं एलिझाबेथ ॲडलिंग्टनशी लग्न झालं. नवा संसार आणि बुडता कारखाना एकाच वर्षी गळ्यात!

आजच्या भाषेत सांगायचं तर हे एक तोट्यातलं स्टार्टअप होतं. वीसच्या आसपास असलेले कामगार अकरावर आले होते. आईकडून वारशात मिळालेले प्रत्येकी ४,००० पौंड दोघा भावांनी कारखान्यात ओतले. जॉर्ज कारखाना बघायचा, रिचर्ड विक्री आणि ऑफिस. पहाटेपासून रात्रीपर्यंत राबूनही पैसे आटतच चालले होते. त्यांचा प्लॅन बीसुद्धा ठरला होता. सगळं बुडालं तर रिचर्डनं जमीनमोजणीचं काम धरायचं आणि जॉर्जनं थेट हिमालयात येऊन चहाचा मळा करायचा. विचार करा, धंदा बुडाला असता तर एक कॅडबरी आपल्याकडे चहा पिकवत बसला असता! पण १८६४ च्या सुमारास पहिल्यांदा थोडा नफा दिसला आणि दोघं टिकून राहिले.

सगळी गडबड तुपाची!

खरी अडचण मालातच होती. कोकोच्या बीमध्ये जवळपास निम्मी चरबी असते, तिला कोको बटर म्हणतात. त्यामुळे कोको पाण्यात किंवा दुधात घातला की वर तेलकट तवंग यायचा. तो शोषला जावा म्हणून सगळेच उत्पादक त्यात बटाट्याचं स्टार्च, साबुदाण्याचं पीठ, काकवी असलं काहीबाही मिसळायचे. काही महाभाग तर विटांची पूडही घालायचे. कॅडबरींच्या तेव्हाच्या कोकोमध्येही खरा कोको जेमतेम एक पंचमांश होता.

यावर तोडगा हॉलंडमध्ये होता. तिथल्या व्हॅन हौटेन यांनी बीमधली चरबी दाबून काढणारं यंत्र १८२८ मध्येच केलं होतं. जॉर्जला डच भाषेचा एक शब्द येत नव्हता. तरी तो तिकडे गेला आणि हातवारे करत, डिक्शनरी चाळत सौदा पक्का करून आला. १८६६ मध्ये कॅडबरी बंधूंनी कुठलीही भेसळ नसलेली कोको पावडर बाजारात आणली आणि शुद्धतेवरच जाहिरात केली. भेसळीविरुद्ध इंग्लंडमध्ये तेव्हा ओरड सुरू झालीच होती. पुढे १८७२ आणि १८७५ मध्ये कायदेही आले. त्या वातावरणात शुद्ध कोकोनं कारखाना वाचवला.

आता मुद्द्याची गोष्ट. पावडर तयार झाली की मागे काय उरतं? दाबून काढलेलं ढीगभर कोको बटर. ते फेकायचं कसं? आपल्याकडे लोणी कढवल्यावर उरलेली बेरीसुद्धा कुणी टाकत नाही, इथे तर अख्खं लोणीच उरलेलं. मग भावांनी ते वापरून खायची चॉकलेटं करायला घेतली. बाहेर चॉकलेटचं कवच, आत मऊ गोड सारण. मालही मस्त झाला. पण तो घेणार कोण, आणि कशासाठी?

ब्रश बाहेर निघाला

इथे रिचर्डचा नाद कामी आला. इंग्लंडमध्ये १८४० मध्ये एक पेनीत पत्र पाठवायची सोय झाली, तेव्हापासून व्हॅलेंटाइन कार्डांचं वेड पसरलं होतं. लेस लावलेली, फुलं-बदामाची कार्डं पोस्टानं फिरत होती. चांगले चॉकलेटचे डबे मात्र फ्रान्सहून यायचे आणि श्रीमंतांकडेच जायचे. रिचर्डला वाटलं, कार्डावर चित्र असतं, तर डब्यावर का नको?

मग १८६८ मध्ये कॅडबरींचे सचित्र डबे आले. यासाठी रिचर्डनं बाहेरचा कुणी मोठा चित्रकार शोधला नाही, स्वतःच चित्रं काढली. त्याच्या पहिल्या डब्यांपैकी एकावर काय होतं माहितीये? मांजराचं पिल्लू कुशीत घेतलेली त्याची स्वतःची छोटी मुलगी, जेसी. घरातली पोरं, बागेतली फुलं, सुट्टीत पाहिलेले आल्प्सचे डोंगर हे सगळं त्या झाकणांवर उतरलं. बदामाच्या आकाराचा चॉकलेटचा डबासुद्धा त्याच्याच नावावर सांगितला जातो. त्या आकाराचं पेटंट त्यानं घेतलं नाही. त्यामुळे बदामी डबा बघता बघता सगळ्यांचा झाला.

हे डबे लोकांनी टाकले नाहीत, हे त्यातलं सगळ्यात गोड. चॉकलेटं दोन दिवसांत संपायची, डबा कपाटात राहायचा. त्यात प्रेमपत्रं, रिबिनी, केसांची बट, असलं जपून ठेवायचं सामान जायचं. तुमच्या आजीचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा आठवा. उघडला की आत सुया-दोरे आणि बटणं! तसंच, फक्त इथे आत आठवणी.

तेच वर्ष

आता इथे जरा थांबा. १८६८ हे डब्यांचं वर्ष. जगभरच्या जोडप्यांना भेटवस्तू देऊन गेलेलं वर्ष. त्याच १८६८ मध्ये एलिझाबेथ गेली. चौथ्या बाळाच्या जन्मानंतर ती वाचली नाही. लग्नाला सातच वर्षं झाली होती. ज्या वर्षी रिचर्ड आपल्या घरातलं सुख डब्यांच्या झाकणांवर रंगवत होता, त्याच वर्षी ते घर मोडलं. पदरात चार लहान लेकरं, त्यातलं एक तान्हं. झाकणावर हसणारी जेसीही त्यांतलीच.

व्हॅलेंटाइनच्या जाहिरातींत ही गोष्ट कधी येत नाही. पण ती कळली की त्या डब्याकडे वेगळ्या नजरेनं बघावंसं वाटतं. ते मार्केटिंग होतंच, त्यात लाजण्यासारखं काही नाही, कारखाना चालवायचा होता. पण त्यात त्याचं स्वतःचं घर होतं, आणि बहुधा म्हणूनच दुसऱ्यांना ते आपल्या घरात ठेवून घ्यावंसं वाटलं.

रिचर्ड थांबला नाही. १८७१ मध्ये त्यानं एमा विल्सनशी पुन्हा लग्न केलं. घर परत भरलं, मुली झाल्या. त्यातल्याच हेलननं पुढे, १९०६ मध्ये, आपल्या वडिलांचं चरित्र लिहिलं.

बागेतला कारखाना

धंदा वाढला तशी जुनी जागा पुरेना. शहराच्या धुरात आणखी एक इमारत बांधण्याऐवजी भावांनी बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला, चारेक मैलांवर, मोकळं माळरान घेतलं. तिथल्या बोर्न ओढ्यावरून नाव ठेवलं बोर्नव्हिल. शेवटचं 'व्हिल' मुद्दाम फ्रेंच, कारण तेव्हा चॉकलेट म्हटलं की फ्रेंचच हवं असायचं! १८७९ मध्ये तिथे काम सुरू झालं. कामगारांना खेळायला मैदानं, जेवायला जागा, शनिवारी अर्धी सुट्टी, हे सगळं त्या काळात. कामगारवस्तीचं पुढचं मोठं काम जॉर्जचं. रिचर्डनं वृद्धांसाठी घरं बांधून दिली आणि आपलं मोझली हॉल हे मोठं घर आजारातून उठणाऱ्या मुलांसाठी देऊन टाकलं.

लिहायचंही त्यानं सोडलं नाही. कोकोचं झाड, इतिहास, प्रक्रिया यावर त्यानं १८९२ मध्ये पुस्तक काढलं, तेही 'हिस्टॉरिकस' या टोपणनावानं. डब्याचं पेटंट नाही, पुस्तकावर नाव नाही. हा माणूस असाच होता.

१८९९ मध्ये तो कुटुंबासोबत जेरुसलेमच्या प्रवासाला गेला. तिथे घटसर्पानं गाठलं आणि २२ मार्चला, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी तो गेला. डेअरी मिल्क बाजारात आलं १९०५ मध्ये. म्हणजे आपण ज्या वडीला कॅडबरी म्हणतो, ती रिचर्डनं कधी चाखलीच नाही. कंपनी भारतात आली १९४८ मध्ये. हिमालयात चहा पिकवायला निघालेल्या घराचं नाव शेवटी भारतात पोचलं, ते असं.

तेव्हा यंदा ट्रफल्स वळाल तेव्हा एक लक्षात ठेवा. ट्रफलच्या आतल्या चॉकलेटमध्ये कोको बटर असतं आणि बाहेर कोको पावडर. व्हॅन हौटेनच्या यंत्रानं जे वेगळं केलं, ते तुमच्या तळहातावर परत एकत्र येतं. आणि डबा विकत आणू नका. पेढ्यांचा रिकामा खोका घ्या, कागद चिकटवा, चित्र काढा. चित्र वाकडं आलं तरी चालेल. आतलं दोन दिवसांत संपणार आहे, डबा मात्र कपाटात राहणार आहे.

चौकट: करून बघा!

साहित्य: डार्क चॉकलेट २०० ग्रॅम, फ्रेश क्रीम १०० मिली, लोणी १ चमचा, घोळवायला बिनसाखरेची कोको पावडर.

आधी लेबल वाचा: स्लॅबवर 'कंपाउंड' लिहिलं असेल तर त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं. घटकांच्या यादीत कोको बटर आहे ना, ते बघा. तोंडात घालताच विरघळण्याची जादू त्याचीच, कारण ते आपल्या शरीराच्या उष्णतेच्या किंचित खालीच वितळतं.

कृती: चॉकलेट बारीक चिरून कोरड्या भांड्यात घ्या. क्रीम मंद आचेवर तापवा, कडेला बुडबुडे दिसले की गॅस बंद, उकळू देऊ नका. गरम क्रीम चॉकलेटवर ओता आणि दोन मिनिटं हात लावू नका. मग मधून बाहेर हलक्या हातानं ढवळा, लोणी घाला. चकचकीत मिश्रण झालं की झाकून दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. नंतर चमच्यानं थोडं थोडं काढून बोराएवढे गोळे वळा आणि कोको पावडरमध्ये घोळवा.

बिघडलं तर: मिश्रण फाटून तेल सुटलं तर चमचाभर कोमट दूध घालून ढवळत राहा, बहुतेक वेळा जुळून येतं. वळताना हाताला चिकटत असेल तर हात गार पाण्यानं धुऊन, नीट पुसून घ्या. दुपारच्या उन्हात तर वळूच नका, सकाळी लवकर करा.

किती टिकतं: आत क्रीम आहे, त्यामुळे फ्रिजमध्येच ठेवा आणि चार दिवसांत संपवा. द्यायच्या आदल्या दिवशी केलेलं उत्तम. आणि बॅगेत दिवसभर घेऊन फिरू नका. सकाळीच द्या, म्हणजे हिंमतही टिकते आणि ट्रफलही!