रॉबर्ट गॉडर्ड आणि त्यांचा अग्निबाण

अग्निबाण हे शस्त्र जगाला नवे नव्हते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हैदर व टिपू यांच्या सैन्याने लोखंडी नळीचे बाण इंग्रजांच्या पलटणींवर सोडले. त्यांचा धसका घेतलेल्या इंग्रजांनी पुढे तेच शस्त्र आपल्या देशात तयार केले. मराठ्यांच्या फौजांतही बाण असत. पण हे सारे दारूचे बाण. एकदा बत्ती दिली की ते सुसाट सुटत आणि कोठे जाऊन पडतील याचा नेम नसे. अग्निबाणात द्रवरूप इंधन जाळून त्याला प्रथम आकाशात पाठविले ते अमेरिकेतील एका अबोल प्राध्यापकाने.

रॉबर्ट हचिंग्ज गॉडर्ड यांचा जन्म मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर या गावी ५ ऑक्टोबर १८८२ रोजी झाला. लहानपणापासून प्रकृती नाजूक. त्यामुळे शाळा वारंवार बुडे आणि बरोबरीची मुले पुढे निघून जात. वाचनाचा नाद मात्र जबर होता. १९ ऑक्टोबर १८९९ रोजी, वयाच्या सतराव्या वर्षी, वाळक्या फांद्या छाटण्यासाठी ते चेरीच्या झाडावर चढले. तेथून खालच्या शेताकडे पाहता पाहता त्यांच्या मनात आले, की मंगळापर्यंत पोचेल असे यंत्र माणसाला करता येईल काय? तो दिवस त्यांनी पुढे जन्मभर सणासारखा पाळला.

पदार्थविज्ञानात सर्वोच्च पदवी मिळवून ते संशोधनास लागले, तोच १९१३ मध्ये क्षयाने त्यांना गाठले. डॉक्टरांनी आशा सोडली होती. त्यांनी अंथरुणावर पडून टिपणे काढली, आणि बरे होताच १९१४ मध्ये दोन शोधांचे हक्क नोंदवले. एक होता द्रवरूप इंधनाचा अग्निबाण, दुसरा टप्प्याटप्प्याने पेटत जाणारा अग्निबाण. हवा नसलेल्या नळीत प्रयोग करून त्यांनी हेही सिद्ध केले, की अग्निबाण हवेला रेटून पुढे जात नाही. मागे वेगाने निसटणारा वायू त्याला पुढे ढकलतो. म्हणून निर्वात पोकळीतही तो चालतो.

पहिल्या महायुद्धात सैन्यासाठी त्यांनी नळीतून सोडावयाचा हलका बाण केला. नोव्हेंबर १९१८ मध्ये संगीताची वही ठेवण्याच्या घडवंचीवर नळी टेकवून त्यांनी तो अधिकाऱ्यांपुढे उडवून दाखवला. अधिकारी प्रसन्न झाले; पण पाचच दिवसांत युद्ध थांबले आणि तो बाण विस्मरणात गेला. रणगाडे फोडणारे ‘बझूका’ हे शस्त्र दुसऱ्या महायुद्धात याच कल्पनेतून निघाले.

१९२० साली, अतिउंच वातावरणात पोचण्याविषयीचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात, अग्निबाण चंद्रावरही पाठवता येईल, असे ओझरते लिहिलेले होते. न्यूयॉर्कच्या एका मातब्बर वर्तमानपत्राने अग्रलेखात त्यांची टर उडवली. पोकळीत रेटण्यास काही नसताना अग्निबाण चालेल कसा, शाळकरी मुलांना कळते ते या प्राध्यापकाला कळू नये, असा त्या टीकेचा रोख होता. चूक संपादकाची होती. हसे मात्र गॉडर्ड यांचे झाले. मुळचे मितभाषी गॉडर्ड त्यानंतर आणखीच मिटून गेले.

१६ मार्च १९२६. ऑबर्न गावी एका नातेवाईक बाईंच्या शेतावर बर्फ पडलेले होते. पत्नी एस्थर, दोन सहकारी आणि स्वतः गॉडर्ड, एवढीच माणसे. सुमारे दहा फूट उंचीचा, नळ्यांच्या सांगाड्यासारखा दिसणारा तो अग्निबाण कोणाला शोभिवंत वाटला नसता. ज्वालायंत्र वरच्या टोकाला आणि पेट्रोल व द्रवरूप प्राणवायू यांच्या टाक्या खाली, अशी उलटी मांडणी होती. लांब दांड्याच्या ज्योतीने तो पेटवला. काही क्षण तो जागचा हालेना. इंधन जळून वजन घटले तेव्हा कोठे तो वर निघाला. अडीच सेकंदांत ४१ फूट उंच चढून तो १८४ फुटांवर, कोबीच्या वाफ्यात आदळला. एस्थरबाई चलच्चित्र घेत होत्या. पण यंत्राची चावी संपल्याने उड्डाण तेवढे टिपले गेले नाही! राइट बंधूंचे पहिले विमानोड्डाणही अवघे बारा सेकंदांचे होते, हे येथे आठवते.

१७ जुलै १९२९ रोजी असाच एक अग्निबाण गर्जत कोसळला. विमान पडले असे समजून पोलीस धावून आले, आणि वर्तमानपत्रांना पुन्हा थट्टेचा विषय मिळाला. पण या गवगव्यामुळेच अटलांटिक महासागर एकट्याने ओलांडणारे वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग त्यांच्या भेटीस आले. त्यांच्या शब्दामुळे गुगेनहाइम या धनिक घराण्याने पैसा पुरवला. न्यू मेक्सिकोतील रॉझवेलच्या माळावर गॉडर्ड यांनी अग्निबाणाला दिशा दाखवणारे चक्र बसवले. भोवऱ्यासारखे गरगरणारे हे चक्र आपला अक्ष सोडत नाही. मार्च १९३५ मध्ये असा बाण ४,८०० फूट चढला.

मात्र गॉडर्ड आपले ज्ञान कोणाला सांगत नसत. इतर संशोधकांशी त्यांनी मोकळेपणा ठेवला असता, तर कदाचित त्यांचे काम अधिक वेगाने पुढे गेले असते.

१९४० साली त्यांनी दूर पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांसाठी आपले संशोधन सैन्याला देऊ केले. त्याची किंमत कोणाला कळली नाही. नौदलाने १९४२ मध्ये त्यांना ॲनापोलिस येथे नेले, तेही पाण्यावरून उडणाऱ्या जड विमानांना उड्डाणासाठी रेटा देणारी यंत्रे करण्यास. इकडे जर्मनीने १९४४ च्या सप्टेंबरात लंडनवर व्ही-२ हे क्षेपणास्त्र टाकले. ते बहुतांशी स्वतंत्रपणे घडलेले होते. पण हस्तगत केलेले त्याचे भाग गॉडर्ड यांना दाखवण्यात आले, तेव्हा द्रवरूप प्राणवायू, इंधन ढकलणारे पंप, दिशा राखणारी चक्रे अशी ओळखीची रचना त्यांना दिसली.

घशाच्या कर्करोगाने १० ऑगस्ट १९४५ रोजी बाल्टिमोर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर पुढे २१४ शोधहक्क झाले. त्यांतील कित्येक एस्थरबाईंनी नंतर मिळवले. १९६० मध्ये अमेरिकन सरकारने हे हक्क वापरल्याबद्दल दहा लक्ष डॉलर दिले. १६ जुलै १९६९ रोजी तीन माणसांना घेऊन अग्निबाण चंद्राकडे निघाला. दुसऱ्या दिवशी, न्यूयॉर्कच्या त्याच वर्तमानपत्राने एकोणपन्नास वर्षांपूर्वीच्या अग्रलेखातील आपली चूक छापून मान्य केली.