तीन काडतुसं आणि दोन तुटके सुळे

समजा, तुमच्यासमोर तीस-एक पावलांवर जखमी वाघीण उभी आहे. कान मागे पाडलेले, दात विचकलेले. तुमच्या हातात रायफल आहे, पण रिकामी. खिसाही रिकामा. कारण निघताना तुम्ही मोजून तीनच काडतुसं बरोबर घेतली होती: दोन वाघिणीसाठी आणि एक अडीअडचणीला.

१९०७ साली कुमाऊंमध्ये, चंपावतजवळच्या एका घळीत जिम कॉर्बेटवर नेमकी हीच वेळ आली. हो, तोच कॉर्बेट, ज्याच्या नावाच्या जंगलात तुमच्यापैकी काही जण जिप्सीत बसून फिरून आले असतील. तेव्हा तो जेमतेम तिशी ओलांडलेला होता आणि बिहारमध्ये मोकामा घाटावर रेल्वेचा माल गंगेपार करून द्यायचं कंत्राट सांभाळत होता. सुट्टी काढून तो आपल्या पहिल्या नरभक्षक वाघिणीमागे आला होता. तिच्या नावावर नेपाळ आणि कुमाऊं मिळून ४३६ बळी सांगितले जातात.

त्याच्याजवळची रायफल होती .५०० बोअरची, दोननळी. नळीचं तोंड चांगलं अर्ध्या इंचाचं. काळ्या दारूच्या जमान्यातलं हे काडतूस. पुढे त्यात बिनधुराची कॉर्डाइट दारू बेताने भरली जाऊ लागली. गोळी जाड आणि जड. जवळून मारलं तर जबरदस्त, पण लांबच्या नेमासाठी नाही. तहसीलदारांनी गावोगावचे २९८ लोक जमवून हाकारा घातला. वाघीण निसटतेय असं वाटून जिमने पहिली गोळी हताशपणे झाडली आणि ती वाया गेली. उरलेल्या दोन लागल्या, पण वाघीण पडली नाही. झेप घ्यायच्या ऐवजी ती वळली आणि चढून एका खडकावर जाऊन उभी राहिली.

मग हा पठ्ठ्या बंदूक मागत टेकडीवर तहसीलदारांकडे धावला आणि त्यांची बंदूक हिसकावून तसाच खाली पळत आला. वीस फुटांवर पोचल्यावर त्याला दिसलं की बंदुकीच्या नळ्या आणि मागचा भाग यांच्यात चक्क फट आहे! बार उलटा आपल्याच तोंडावर येणार की काय, हा विचार बाजूला ठेवून त्याने वाघिणीच्या उघड्या जबड्यावर नेम धरला. गोळी लागली पुढच्या पंजाला. नशीब असं, की वाघीण आधीच्या दोन गोळ्यांनीच संपत आली होती. ती खडकावर कोसळली. (पुढे नैनितालच्या दरबारात तहसीलदारांना सरकारने नवी बंदूक भेट दिली. द्यायलाच हवी होती म्हणा!)

पण मला तुम्हाला सांगायचंय ते त्यानंतरचं. जिमने तिचा जबडा पाहिला. उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा, दोन्ही सुळे तुटलेले होते. वरचा अर्धा, खालचा तर पार हाडापर्यंत. आणि ते तुटले होते कुणाच्या तरी बंदुकीच्या गोळीने. कधीतरी, कुठेतरी, एका शिकाऱ्याने चुकीची गोळी किंवा चुकीचा नेम मारला आणि जनावर जखमी अवस्थेत सोडून तो घरी गेला. नेहमीची शिकार धरणं तिला जमेना, म्हणून ती माणसांवर आली. त्या शिकाऱ्याचं नाव कुणालाच माहीत नाही.

काडतुसाचा हिशेब जिमला लहानपणापासून पाठ होता. तो लहान असतानाच वडील वारले. घरात माणसं खूप आणि पैसा बेताचा. त्याची पहिली बंदूक होती ठासणीची, दोननळी, पण एक नळी फाटलेली. नळ्या आणि दस्ता पितळी तारेने एकत्र बांधलेले. म्हणजे एकच बार. तो चुकला तर पुन्हा दारू ठासा, छर्रे भरा, तोवर पाखरू कुठल्या कुठे.

चंपावतनंतर लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्याला लंडनच्या रिगबी कंपनीची .२७५ बोअरची रायफल भेट दिली. दस्त्यावर चांदीची पट्टी, त्यावर कोरलेला मजकूर. आता आकडे बघा. या बोअरची रिगबीची गोळी साधारण १४० ग्रेनची, म्हणजे ९ ग्रॅम, पण वेग प्रचंड आणि रायफल हलकी. त्याच्याकडे दुसरी होती .४५०/४०० ची दोननळी. तिची गोळी ४०० ग्रेनची, जवळपास २६ ग्रॅम, आणि रायफल साडेचार किलोहून जड.

वाटेल, मोठी तीच चांगली ना? तसं नसतं. जनावर पडतं ते गोळी हृदय, फुप्फुस किंवा कण्यापर्यंत पोचली तर. हत्तीची कवटी किंवा गव्याचा खांदा भेदायला पूर्ण कवचाची, न फुटणारी गोळी लागते. वाघ-बिबट्याचं अंग त्यामानाने नाजूक, तिथे टोकाला शिसं उघडं असलेली, आत जाऊन फुलणारी गोळी बरी. पण ती फार हलकी असेल, तर खांद्याच्या हाडावरच फुटून वरवर जखम करते. आणि वरवरची जखम काय करते, ते चंपावतला दिसलं होतंच. शिवाय बंदुकीच्या धक्क्याला घाबरून चाप ओढणाऱ्याची सव्वीस ग्रॅमची गोळी पोटात बसली, तर तिच्यापेक्षा नेमक्या जागी बसलेली नऊ ग्रॅमची शंभर पटीने बरी.

रुद्रप्रयागच्या बिबट्याने आठ वर्षांत १२५ माणसं मारली होती. केदार-बद्रीच्या वाटेवरचे यात्रेकरू रात्री दारं लावून बसायचे. १९२६च्या मे महिन्यातल्या एका रात्री, आंब्याच्या झाडावर बसून, बॅटरीचा झोत क्षणभर पडला तेवढ्यात जिमने त्याला टिपलं, ते याच .२७५ ने. एकाच गोळीत.

तो चुकायचाही. चौगढला एक म्हातारी वाघीण आणि तिचं मोठं झालेलं पिल्लू दोघं मिळून माणसं मारत होती. जिमने गोळी झाडली आणि पडलं ते पिल्लू. त्यानंतरच्या वर्षभरात आणखी पंधरा माणसं गेली, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. लपवलं असतं तर कुणाला कळणार होतं?

तोवर त्याच्या हातात कॅमेरा आला होता. हौस म्हणून वाघ मारणं त्याला नकोसं झालं होतं. बंदूक उचलायची ती नरभक्षकासाठी. १९३६ साली देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, त्यामागे त्याची धडपड होती. १९४७ मध्ये बहीण मॅगीसह तो केनियाला गेला आणि १९५५ मध्ये तिथेच वारला. उद्यानाला त्याचं नाव नंतर दिलं गेलं. ती .२७५ आजही शाबूत आहे. हिंडत-फिरत पुन्हा रिगबीकडे पोचली.

त्या रायफलची आणखी एक गोष्ट सांगतो. १९३०चा एप्रिल, पुन्हा चौगढ. वाघिणीच्या मागावर असताना वाटेत जिमला रातव्या पक्ष्याची दोन अंडी सापडली. त्याला अंडी जमवायचा नाद होता. शेवाळात गुंडाळून ती त्याने डाव्या तळहातावर घेतली, उजव्या हातात रायफल. एका अरुंद ओढ्यात मोठ्या खडकाला वळसा घालून त्याने खांद्यावरून मागे पाहिलं, तर वाघीण आठ फुटांवर, थेट नजरेला नजर देऊन बसलेली.

गर्रकन वळला असता तर तिने झेप घेतलीच असती. पण डाव्या हातात अंडी होती, म्हणून दोन्ही हात रायफलला लागलेच नाहीत. एकाच हाताने तो नळी हळूहळू, इंचाइंचाने फिरवत राहिला. जड दोननळी असती तर हात तिथेच थिजला असता. नळी वाघिणीवर येईपर्यंत ती हलली नाही. मग चाप ओढला.

गोळी हृदयातून गेली. वाघिणीचं डोकं पुढच्या पंजांवर टेकलं. अंडी फुटली नव्हती. जिम आल्या वाटेने मागे गेला आणि ती परत घरट्यात ठेवून आला.