मयूरशर्मा : वेदाध्ययन सोडून राज्य उभारणारा कदंब

चोर्लाघाट चढून कणकुंबी, जांबोटीमार्गे बेळगाव गाठणारा गोमंतकीय कदंबांच्या जुन्या मुलखातूनच जात असतो. गोव्यात कदंब म्हटले की षष्ठदेव, जयकेशी आठवतात, नाहीतर बसगाडी. मात्र या नावाचा मूळपुरुष त्यांच्याही सहा-सात शतके आधीचा. त्याचे नाव मयूरशर्मा.

मानव्य गोत्रातील या वैदिक ब्राह्मणाचे घराणे आजच्या शिवमोग्गा जिल्ह्यातील तालगुंदचे. घराजवळच्या कदंब वृक्षावरून कुळाला नाव पडले. इसवी सनाच्या चौथ्या शतकात, गुरू वीरशर्मा यांच्यासह, मयूरशर्मा उच्च अध्ययनासाठी पल्लवांच्या कांचीला गेला. तेथील घटिकेत त्याचा प्रवेश झाला. पण एका पल्लव घोडेस्वाराशी त्याचा तीव्र कलह झाला. भांडणाचे नेमके कारण शिलालेख सांगत नाही. विद्येत कितीही श्रेष्ठ ठरले तरी शस्त्रापुढे ब्राह्मण दुबळाच, हे शल्य मात्र त्याच्या मनात खोल रुतले. दर्भ, समिधा आणि स्रुवा धरणाऱ्या हातांनी त्याने तलवार उचलली.

पुढची वाटचाल राजाची नव्हे, बंडखोराची आहे. पल्लवांच्या सीमारक्षकांना हरवून तो श्रीपर्वताच्या घनदाट अरण्यात शिरला आणि बृहद्बाणांसारख्या मांडलिकांकडून कर वसूल करू लागला. पल्लव सैन्य चालून आले तेव्हा उघड्या मैदानात अडकण्याऐवजी त्याने मुक्कामावर आणि रात्रीच्या अंधारात छापे घातले. सह्याद्रीच्या वाचकाला ही रीत परकी वाटू नये. समुद्रगुप्ताच्या दक्षिण स्वारीत कांचीचा विष्णुगोप पराभूत झाला होता. त्या पडझडीचाही त्याला लाभ झाला असावा, असे अनेक इतिहासकार मानतात.

अखेर पल्लवांनीच तह केला. मयूरशर्म्याने प्रथम त्यांची सेवा पत्करली, पराक्रम गाजवला आणि मग राजपट्ट मिळवला. पश्चिम समुद्रापासून प्रेहरेपर्यंतचा प्रदेश त्याच्याकडे आला. प्रेहरा म्हणजे कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभाच, असे काही अभ्यासकांचे मत आहे. सुमारे इसवी सन ३४५ मध्ये वनवासी राजधानी झाली. पुढे ६८१ मध्ये बल्गार सरदार अस्पारुखालाही बायझंटाईन सम्राटाने असाच तह करून डॅन्यूबकाठची भूमी मान्य केली. ज्याला निपटून काढता येत नाही त्याला सीमेवरचा राजा म्हणून मान्यता देणे, हा साम्राज्यांचा जुना उपाय.

हे सारे वृत्त तालगुंदच्या स्तंभलेखातून कळते. तो कुब्ज नावाच्या कवीने मयूरशर्म्याच्या वंशजांच्या काळात, सुमारे शंभर वर्षांनी रचला. म्हणजे ही दरबाराने मान्य केलेली कथा. पल्लवांची बाजू त्यात नाही. त्याने अठरा अश्वमेध केल्याचे उत्तरकालीन लेखांत येते, पण तालगुंदचा लेख त्याविषयी मौन पाळतो. तेव्हा ती पुढच्या पिढ्यांची भर समजावी.

पुत्र कंगवर्म्याने ‘शर्मा’ टाकून ‘वर्मा’ स्वीकारले. वंशज काकुस्थवर्म्याने गुप्तांशी सोयरीक जोडली. त्याचा ताम्रपट जांबोटीच्याच खानापूर तालुक्यातील हलशीला, तेव्हाच्या पलाशिकेत, सापडला. लढाईत आपले प्राण वाचवणाऱ्या श्रुतकीर्ती या जैन सेनापतीला त्याने दिलेल्या जमिनीची नोंद त्यात आहे.