जमशेटजी टाटा आणि कुर्ल्याची गिरणी

कै. जमशेटजी टाटा यांचे नाव घेताच पोलाद, वीज व विज्ञानसंस्था यांची प्रचंड कार्ये डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु लहानमोठ्या धंद्यावर प्रपंच चालविणाऱ्या आपल्या ज्ञातिबांधवांस त्यांच्या चरित्रातील एका पडत्या गिरणीची हकीकत अधिक उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे एका पारशी पुरोहित घराण्यात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षण १८५८ साली पुरे करून ते वडिलांच्या पेढीत शिरले. १८६८ साली २१,००० रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली. पुढल्याच वर्षी चिंचपोकळीची एक दिवाळे निघालेली तेलाची गिरणी घेऊन त्यांनी तिची कापडगिरणी केली व दोन वर्षांत ती नफ्याने विकली. हा व्यवहार चोख होता. पण घेऊन विकणे आणि घेऊन चालविणे या दोन भिन्न विद्या होत. दुसरी विद्या त्यांनी नागपुरास साधली. १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेली तेथील एम्प्रेस मिल त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही.

१८८६ साली कुर्ल्याची धरमसी मिल त्यांनी साडेबारा लाखांस घेतली व तिचे नाव स्वदेशी मिल ठेविले. सौदा स्वस्त दिसला, तरी यंत्रे झिजलेली होती आणि दुरुस्तीत पैसा पाण्यासारखा गेला. दोन वर्षांत शेअरचा भाव चौथाईवर आला; बँकेने कर्ज नाकारले. अशा वेळी दुसरा कोणी हात झटकून मोकळा झाला असता. जमशेटजींनी कुटुंबासाठी ठेवलेल्या न्यासाचा पैसा मोकळा केला, एम्प्रेस मिलचे काही शेअर विकले आणि नागपूरची कसलेली माणसे कुर्ल्यास आणली. हळूहळू गिरणी सावरली व तिच्या मालास पूर्वेकडील देशांतही मागणी आली. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचा अंत झाला. त्यांच्या मागे ती गिरणी विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालली.

यातून आम्ही दोन गोष्टी घेतो. चालते दुकान, छापखाना वा पिठाची गिरणी विकत घेताना दिलेली रक्कम ही पुरी किंमत नव्हे; मोडके सुधारण्यास लागणारा पैसा आणि वर्षे हीही तिच्यातच धरावी. दुसरे असे की, पाठीशी नागपूरची भक्कम गिरणी होती, म्हणूनच कुर्ल्याची तगली. हाती काही न राखता केवळ हट्टाने बुडते धरून बसणे यास धैर्य म्हणता येत नाही.

आपल्या तरुणांनी धंदा घेण्यापूर्वी हा हिशेब नीट मांडावा. आणि एकदा घेतल्यावर पहिल्या मंदीस भिऊन तो फुंकून टाकू नये, एवढीच आमची विनंती आहे.