‘वाय’ जोडाचे जनक सेझार रू

यकृत प्रत्यारोपणासाठी मुंबई, पुणे वा हैदराबाद गाठणाऱ्या कंधार परिसरातील रुग्णाच्या कागदपत्रांत कधी कधी ‘रू-एन-वाय’ असा शब्द आढळतो. हा शब्द ज्यांच्या नावावरून रूढ झाला, ते सेझार रू हे स्वित्झर्लंडचे विख्यात शल्यविशारद होत.

रू यांचा जन्म २३ मार्च १८५७ रोजी मों-ला-विल या खेड्यात झाला. बर्न येथे वैद्यकीय शिक्षण घेताना त्यांना थिओडोर कोखर यांच्यासारखे गुरू लाभले. कोखर यांना पुढे १९०९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. १८८७ मध्ये रू लोझान येथील रुग्णालयाच्या शल्यविभागाचे प्रमुख झाले आणि १८९० मध्ये तेथील नव्या विद्यापीठात प्राध्यापक.

जठराचा मार्ग बंद झालेल्या रुग्णांसाठी त्यांनी एक जोड योजला. लहान आतडे कापून त्याचे खालचे टोक वर आणून जठराला जोडायचे आणि वरचे टोक त्याच आतड्याला खाली बाजूने जोडायचे. आकार इंग्रजी ‘वाय’ अक्षराचा. १८९७ मध्ये त्यांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले. मात्र जोडाजवळ अल्सर होतात हे ध्यानात येताच त्यांनी स्वतःच ही शस्त्रक्रिया सोडून दिली. आपल्याच नावाच्या पद्धतीचा दोष मान्य करणे सोपे नसते. १९२६ मध्ये अधिवृक्क ग्रंथीची गाठ यशस्वीपणे काढून ते निवृत्त झाले. २१ डिसेंबर १९३४ रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले.

त्यांनी सोडलेला जोड इतरांनी पित्तमार्गासाठी स्वीकारला. १९६३ मध्ये अमेरिकेत थॉमस स्टार्झल यांनी यकृत प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न केला. भारतात पहिले यश १९९८ मध्ये दिल्लीत आले. प्रत्यारोपणात शक्यतो दात्याची व रुग्णाची पित्तनलिका थेट जोडतात, कारण त्यामुळे नलिकेच्या मुखाशी असलेली नैसर्गिक झडप शाबूत राहते. जन्मतः पित्तनलिका नसलेल्या बालकांत किंवा नलिका रोगग्रस्त असल्यास ते शक्य नसते. तेथे रू यांचा जोड उपयोगी पडतो. परंतु त्यात झडप नसल्याने आतड्यातील जंतू वर चढून पित्तमार्गात संसर्ग करू शकतात. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असल्याने हा संसर्ग जिवावर बेतू शकतो. म्हणूनच आतड्याचा साधारण ४० ते ६० सेंटिमीटर लांबीचा भाग मध्ये ठेवतात. अंतर आणि आतड्याची खाली ढकलणारी गती हेच तेथे पहारेकरी.

प्रत्यारोपणानंतर गावी परतलेल्या रुग्णाला थंडी वाजून ताप आला वा कावीळ दिसली, तर घरगुती उपायांत दिवस न दवडता प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयाशी तत्काळ संपर्क साधावा. शस्त्रक्रियेचे गुण सांगताना तिचे दोषही नजरेआड होऊ द्यायचे नाहीत, हा रू यांच्या आयुष्याचा धडा रुग्ण व डॉक्टर दोघांच्याही उपयोगाचा आहे.