नभोवाणीचे हेडमास्तर : जॉन रीथ

एका संपूर्ण देशाने सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत काय ऐकावे हे साडेपंधरा वर्षे ठरविणाऱ्या माणसाला स्वतः विद्यापीठाची पायरी चढता आली नव्हती. ब्रिटिश नभोवाणीचे पहिले प्रमुख जॉन रीथ यांच्याविषयी ही गोष्ट वाचली आणि त्यांच्यावरच लिहायचे असे मी ठरविले. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. म्हणून की काय, ज्याला इच्छा असून येता आले नाही त्याच्याकडे माझे लक्ष आधी जाते.

रीथ यांचा जन्म २० जुलै १८८९ रोजी स्कॉटलंडमधील स्टोनहेवन या गावी झाला. वडील ग्लासगोच्या चर्चमध्ये धर्मोपदेशक. सात भावंडांत हे शेंडेफळ. घरात धर्माचे वातावरण कडक आणि रविवार तर पूर्णपणे देवाचा. शाळा चांगल्या मिळाल्या, पण पुढे वडिलांनी विद्यापीठात न पाठविता आगगाडीची इंजिने बनविणाऱ्या कारखान्यात उमेदवारीला लावले. वडिलांवर त्यांची अपार श्रद्धा होती, तरीही ही बोच मनातून कधी गेली नाही. पहिल्या महायुद्धात १९१५ साली फ्रान्समध्ये शत्रूची गोळी गालाला लागली. तो व्रण जन्मभर राहिला. साडेसहा फूट उंची, जाड भुवया आणि गालावर व्रण! हाताखालच्या माणसांना त्यांची भीती वाटत असे यात नवल नाही.

१९२२ साली हा तेहतीस वर्षांचा इंजिनियर नोकरीच्या शोधात असताना ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनीला जनरल मॅनेजर हवा असल्याची जाहिरात त्याने वर्तमानपत्रात पाहिली. ब्रॉडकास्टिंग म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हते. अर्ज टपालपेटीत टाकला आणि मग निवड करणारे सर विल्यम नोबल हे ॲबर्डीनचे आहेत असे कळले. रीथ यांनी तो अर्ज परत मिळविला आणि आपल्या घराण्याचा ॲबर्डीनशी असलेला संबंध त्यात घालून पुन्हा पाठविला. ओळख काढण्याची ही रीत आपल्याकडचीच आहे असे मला आजवर वाटत होते. नोकरी मिळाली. डिसेंबरअखेर ते कामावर आले तेव्हा कंपनीत माणसे होती चार.

कंपनी काढली होती रेडिओ-यंत्रे बनविणाऱ्या कारखानदारांनी, यंत्रे खपावीत म्हणून. श्रोत्याने वर्षाला दहा शिलिंगांचा परवाना घ्यायचा आणि त्यातून खर्च भागवायचा. जाहिराती नाहीत. या धंद्याच्या गोष्टीत रीथ यांना आणखी काही दिसले. खाणकामगाराच्या झोपडीत आणि सरदाराच्या वाड्यात एकच आवाज एकाच वेळी पोचतो. मग जगातले जे उत्तम आहे ते दोघांनाही सारखेच का मिळू नये? १ जानेवारी १९२७ रोजी कंपनी जाऊन सार्वजनिक महामंडळ आले आणि रीथ त्याचे पहिले महासंचालक झाले.

१९३०च्या सुमारास सुरू झालेल्या 'नॅशनल प्रोग्रॅम'चा एक दिवस डोळ्यांसमोर आणून पाहा. सकाळी सव्वादहाला प्रार्थना. नंतर समुद्रावरच्या जहाजांसाठी हवामान. दुपारी शाळांसाठी धडे. मग मुलांचा कार्यक्रम, नृत्यसंगीताचा वाद्यवृंद, बातम्या, एखाद्या शास्त्रज्ञाचे किंवा बागकाम जाणणाऱ्याचे भाषण, नाटक, सिंफनी, आणि रात्री उशिरा पुन्हा नृत्यसंगीत. हे सगळे एकाच केंद्रावर, एकामागून एक. गंमत अशी की ही सरमिसळ मुद्दाम केलेली होती. नाचाच्या सुरांसाठी रेडिओ लावणाऱ्याच्या कानांवर चुकून बीथोव्हन पडावा, हा डाव होता. दोन कार्यक्रमांच्या मध्ये काही वेळ शांतता ठेवीत आणि श्रोत्यांना तेवढ्यात घड्याळाची टिकटिक ऐकू येई. रेडिओ सतत चालू ठेवण्याची वस्तू नाही, लक्ष देऊन ऐकण्याची आहे, हा त्यामागचा विचार. संध्याकाळी निवेदकांनी डिनर-जॅकेट घालावे असाही दंडक होता. ऐकणाऱ्याला ते दिसणार थोडेच!

आपल्या आकाशवाणीच्या 'आपली आवड'बद्दल मी आजोबांकडून ऐकले आहे. रीथ यांना ते नावच पटले नसते. आपल्याला काय हवे हे लोकांना नेहमी कळते असे त्यांना वाटत नसे. आमच्या वर्गात हे सांगितले तेव्हा मित्र म्हणाले की ही हुकूमशाही झाली. मला तसे सरळ म्हणता येत नाही. माझ्या आवडीचे तेवढेच मला मिळत गेले असते, तर जे मी कधी ऐकलेच नव्हते ते मला आवडते हे कसे कळले असते? मात्र निवडणारा माणूस एकच असला की त्याची खोडही सर्वांवर लादली जाते, हेही खरे. रविवारी दुपारपर्यंत नभोवाणी बंद आणि नंतर गंभीर कार्यक्रम. परिणाम असा झाला की रविवारी लाखो ब्रिटिश श्रोते रेडिओ लक्झेंबर्गकडे वळले. पीटर एकर्सली या कर्तबगार मुख्य इंजिनियरला १९२९ साली घटस्फोटाच्या प्रकरणामुळे जावे लागले. नभोवाणीचे तांत्रिक जाळे ज्याने विणले त्याला असे घालवणे मला अन्यायाचे वाटते.

खरी कसोटी त्याआधीच, मे १९२६ च्या सार्वत्रिक संपात, लागली होती. बहुतेक वर्तमानपत्रे बंद पडली होती आणि देश बातम्यांसाठी रेडिओवर अवलंबून होता. नभोवाणी सरकारने ताब्यात घ्यावी असा चर्चिल यांचा आग्रह होता. रीथ यांनी ती वाचविली, पण किंमत देऊन. कँटरबरीच्या आर्चबिशपांचे समेटाचे आवाहन काही दिवस अडवून ठेवले गेले आणि मजूर पक्षाचे नेते रॅम्से मॅकडोनल्ड यांना बोलू दिले नाही. संस्था टिकली, आणि संपकऱ्यांची बाजू दुबळी राहिली. माझे वडील कामगार आहेत, त्यामुळे या पानाशी मी बराच वेळ थांबलो.

हिंदुस्थानशीही त्यांचा संबंध आला. १९३५ साली त्यांच्याकडचे लायोनेल फील्डन इकडे आले आणि १९३६ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव रूढ झाले. स्वतः रीथ यांना मात्र येथे व्हाइसरॉय होण्याची इच्छा होती. ती पुरी झाली नाही.

जून १९३८ मध्ये त्यांनी नभोवाणी सोडली. पुढे विमान कंपनीचे अध्यक्षपद, युद्धकाळात मंत्रिपद, लॉर्ड ही पदवी असे सगळे मिळाले. १९४२ साली चर्चिल यांनी मंत्रिमंडळातून काढले. आपल्या ताकदीचे काम आपल्याला कोणी दिले नाही, अशी तक्रार ते रोजनिशीत वर्षानुवर्षे लिहीत राहिले. त्यांच्या नावाची व्याख्यानमाला १९४८ पासून नभोवाणीवर सुरू झाली आणि पहिली व्याख्याने बर्ट्रांड रसेल यांनी दिली.

१९६५ साली ग्लासगो विद्यापीठाच्या रेक्टरपदी त्यांची निवड झाली. तेथे रेक्टर विद्यार्थ्यांच्या मतांनी निवडला जातो. तेव्हा रीथ शहात्तर वर्षांचे होते. १६ जून १९७१ रोजी एडिंबरो येथे त्यांचे निधन झाले.