स्थलरचना आणि ओवी : फादर थॉमस स्टीफन्स यांचे चरित्र

फादर थॉमस स्टीफन्स यांचा मराठी वाङ्मयेतिहासात उल्लेख होतो तो बहुधा त्यांनी केलेल्या मराठी भाषेच्या गौरवासाठी. त्या गौरवाचा आपल्याला इतका अभिमान वाटत आला आहे की, हा इंग्रज जेज्विट रोज पहाटे कोणती साधना करीत असे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. ती साधना ध्यात ठेवल्याखेरीज ‘ख्रिस्तपुराणा’तील प्रसंगचित्रणाचा उलगडा पुरता होत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

स्टीफन्स यांचा जन्म 1549 च्या सुमारास इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातील बुश्टन या खेड्यात झाला. वडील व्यापारी होते. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक पंथ आचरणे धोक्याचे झाले होते. त्यांचे मित्र थॉमस पाउंड यांना त्यापायी दीर्घ तुरुंगवास घडला. दोघांनी मिळून रोमला जाण्याचे ठरविले होते. पोहोचले ते एकटे स्टीफन्स. 20 ऑक्टोबर 1575 रोजी ते येशूसंघात दाखल झाले आणि तेथील सान्त आन्द्रेआ या नवशिष्यगृहात त्यांची घडण सुरू झाली.

या घडणीचा गाभा म्हणजे संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांची ‘आध्यात्मिक साधना’. इग्नेशियस यांनी 1522–23 साली मानरेसा येथे केलेल्या तपश्चर्येतून ती सिद्ध झाली आणि 1548 साली ग्रंथरूपाने छापली गेली. सुमारे 30 दिवसांचे, चार ‘आठवड्यां’त विभागलेले हे अनुष्ठान आहे. त्यात चिंतनापूर्वी साधकाने स्थलरचना करावयाची असते. बेथलेहेमचा रस्ता किती लांब, किती रुंद, सपाट की चढउताराचा. जन्माची गुहा किती उंच, आत काय काय मांडलेले, हे सारे मनश्चक्षूंपुढे उभे करावयाचे. त्या दृश्यात आपणही एक अपात्र सेवक म्हणून हजर आहोत असे मानून बाळाची सेवा करावयाची. नंतर पाचही इंद्रिये एकेक करून त्या प्रसंगाला लावावयाची आणि शेवटी मित्राशी मित्र बोलतो तसे प्रभूशी बोलावयाचे. म्हणजे येथे कल्पनाशक्ती करमणुकीची नाही. ती प्रार्थनेचे उपकरण आहे.

4 एप्रिल 1579 रोजी स्टीफन्स लिस्बनहून निघाले आणि 24 ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. वडिलांना पाठविलेल्या पत्रात त्यांनी प्रवासातील वारे, पक्षी, मासे, खलाशांचे आजार यांची बारीक नोंद केली आहे. पाहण्याची ही सवय उपजत म्हणावी की साधनेने लागलेली, हे सांगणे अवघड आहे. 1580 साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढील सुमारे चाळीस वर्षांचा बहुतेक काळ त्यांनी साष्टी महालात काढला.

या साष्टीचे वास्तव मात्र विसरता येत नाही. 1567 साली तेथील देवळे पाडली गेली होती. 1583 साली कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनी रुदोल्फ आक्वाविवा व त्यांच्या चार सहकारी जेज्विटांना ठार मारले आणि त्यानंतर पोर्तुगीज सत्तेने कठोर सूड उगविला. नवख्रिस्ती जनतेच्या हातून तिची जुनी पुराणे काढून घेण्यात आली होती. काव्याच्या आरंभी एक ब्राह्मण पाद्रीगुरूकडे मराठी पुराणाची मागणी करतो, असा प्रसंग स्टीफन्स यांनी योजला आहे. ही मागणी हृद्य आहे. पण जी उणीव भरून काढावयाची ती ज्या राजवटीने निर्माण केली, तिच्याच छत्राखाली कवी राहत होता. अभ्यासकांनी हा अंतर्विरोध सौम्य करू नये.

‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. पहिल्या पुराणात 36 आणि दुसऱ्यात 59 अवस्वरू, एकूण जवळजवळ 11,000 ओव्या. ते देवळात मोठ्याने वाचले जावे यासाठी होते, आणि येथेच इग्नेशियन साधनेचे रूपांतर घडते. ध्यानगृहात एकट्याने मिटल्या डोळ्यांनी करावयाची स्थलरचना येथे श्रवणातून, समुदायाकडून करवून घेतली जाते. निवेदक गोठा दाखवितो, मेंढपाळांना बोलते करतो, क्रुसापर्यंतची वाट सावकाश चालवितो. ओवीची संथ गती या कामी फार उपयोगी पडली. घाईच्या छंदात ध्यान होत नाही. स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द वापरताना त्यांनी श्रोत्यांच्या मनातील तयार चित्राचाही आधार घेतला.

येथे नामदेवांचे स्मरण होते. परंपरेने त्यांचे जन्मस्थान मानले गेलेले नर्सी आणि विसोबा खेचरांच्या उपदेशाची कथा जेथे घडते ते औंढा नागनाथ, ही दोन्ही स्थळे आजच्या हिंगोली जिल्ह्यात आहेत. स्टीफन्स यांच्यावर नामदेवांचा प्रभाव होता, असे सुचविण्याचा हेतू नाही. पण विटेवरची मूर्ती डोळ्यांत साठवून तिच्याशी बोलणे, रुसणे, भांडणे या नामदेवांच्या रीतीशी इग्नेशियस यांच्या संवादप्रार्थनेचे नाते तुलनेस योग्य आहे. औंढ्याच्या कथेत नामदेवांना देव नाही अशी जागाच उरत नाही. इग्नेशियन साधनेचा शेवटही सर्व वस्तूंत ईश्वर पाहण्याच्या चिंतनाने होतो. फरक आहे तो मधल्या वाटेत. इग्नेशियस यांचा साधक एका विशिष्ट काळातील, विशिष्ट गावातील घटनेला धरून राहतो. म्हणून रस्त्याची रुंदीदेखील त्याला महत्त्वाची वाटते.

स्टीफन्स 1619 साली गोव्यात निवर्तले. त्यांची ‘दौत्रिना क्रिस्तां’ 1622 साली आणि कोंकणीचे व्याकरण 1640 साली प्रसिद्ध झाले. पुराणाच्या 1649 व 1654 साली आणखी आवृत्त्या निघाल्या. परंतु या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. गोव्यातून स्थलांतर केलेल्या कॅथलिक कुटुंबांनी मंगळूरकडे हस्तलिखिते जपली. त्यांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी 1907 साली मंगळूरहून रोमन लिपीतील आवृत्ती काढली आणि 1956 साली शांताराम बंडेलू यांच्या देवनागरी आवृत्तीने हा ग्रंथ मराठी वाचकांच्या हाती आला.